शिडी धरणारा माणूस

दिवाळी आठवड्यावर आली होती. तालुक्याच्या गावातल्या चार निवृत्त मित्रांचा दर रविवारचा एक नेम होता. चौघांपैकी एकाच्या घरी जमायचे आणि त्या घरात रखडलेले एखादे काम उरकायचे. चौघांत एक एसटीचे कंडक्टर, एक प्राथमिक शाळेचे मास्तर, एक बँकेतले कॅशियर आणि एक आयुष्यभर वायरमनचे काम केलेले. मास्तरांच्या माळ्याची फळी, कॅशियरसाहेबांच्या मोरीतला गळका नळ, वायरमनच्या दाराची बिजागरी, अशी ही कामे. काम तासाभराचे, चहा आणि गप्पा तीन तासांच्या.

त्या रविवारी कंडक्टरांच्या दारात आकाशकंदील टांगायचा होता. शिडी मास्तरांच्या घरी. एवढ्याशा कामासाठी ती आणायला कोण जाणार, म्हणून प्लॅस्टिकचे स्टूल घेतले आणि कंडक्टर स्वतःच वर चढले. स्टूल सरकले, ते मागे पडले आणि डोके ओट्याच्या कडेला आपटले. रक्त नाही, चक्कर नाही, उलटी नाही. टेंगूळ आले, त्यावर बर्फ लावला. 'घंटी न देताच उतरलात की हो,' म्हणून मित्रांनी थट्टाही केली. कंदील लागला, चहा झाला, सगळे आपापल्या घरी गेले.

तीन आठवड्यांनी मास्तरांच्या घरी कपाटाला नवी फळी बसवायची होती. मोजपट्टी कंडक्टरांच्या हातात. त्यांनी सांगितलेला आकडा तीनदा चुकला. आयुष्यभर चालत्या गाडीत उभ्याने सुट्ट्या पैशांचा हिशेब केलेला माणूस दोन फूट सात इंचांना सात फूट दोन इंच म्हणत होता. मग स्क्रू उलटा फिरवू लागला. अंगणातून आत येताना डाव्या पायातली चप्पल निसटली, ती मागेच राहिली आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

वायरमननी विचारले, 'काय हो, डोकं दुखतंय का?'

'दुखतंय थोडं. आठवडा झाला. चष्म्याचा नंबर वाढला असेल.'

घरी विचारले तेव्हा वहिनी म्हणाल्या, 'हल्ली जरा विसरतात, दुपारीही झोपूनच असतात. वय झालं, दुसरं काय!' मुलाचेही तेच मत होते. मित्रांना ते पटले नाही. तीन आठवड्यांपूर्वी हाच माणूस भिंतीतला वाकडा खिळा एका फटक्यात सरळ करत होता. एवढे वय तीन आठवड्यांत होत नसते. त्याच दुपारी त्यांनी रिक्षा केली आणि कंडक्टरांना जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आणले.

सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला, कवटीच्या आतल्या अंगाला रक्ताचा जाड थर दिसला. वैद्यकीय भाषेत याला 'क्रॉनिक सबड्युरल हेमॅटोमा' म्हणतात. वय वाढते तसा मेंदू थोडा आक्रसतो. कवटी मात्र तेवढीच राहते. मेंदूच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या असतात. साध्या धक्क्यानेही त्यातली एखादी फाटते. ही रक्तवाहिनी शीर असल्याने रक्त जोरात उसळत नाही, थेंबथेंब झिरपते. आक्रसलेल्या मेंदूभोवती रिकामी जागा असल्याने सुरुवातीला कसलाच त्रास होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, साचलेल्या रक्ताचा दाब मेंदूवर पडू लागतो. डोकेदुखी, सुस्ती, विसराळूपणा, चालताना एका बाजूला झोक, एका हातापायातली ताकद कमी होणे ही त्याची लक्षणे. अनेक रुग्णांना डोक्याला मार लागल्याचे आठवतसुद्धा नाही. कंडक्टरांच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला होता आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू होत्या. रक्त झिरपत राहायला त्यांचाही हातभार लागला. (म्हणून कोणी त्या गोळ्या मनाने बंद करू नयेत, त्याने स्टेंटच बंद पडायचा. मात्र या गोळ्या चालू असताना डोके आपटले, तर काहीही होत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.)

शस्त्रक्रिया तशी मोठी नव्हती. कवटीला दोन छोटी छिद्रे पाडून साचलेले काळसर, पातळ रक्त बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी कंडक्टरांनी नर्सला विचारले, 'सिस्टर, माझी डावी चप्पल कुठंय?' आणखी आठवडाभर 'वय झालं' म्हणून वाट पाहिली असती, तर बेशुद्धी, झटके आणि त्यानंतर जे येते ते आले असते.

घरच्यांच्या लक्षात आले नाही ते मित्रांच्या आले, यात घरच्यांचा दोष नाही. रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या माणसातला सावकाश होणारा बदल दिसत नाही. मित्र आठवड्याने भेटत होते. शिवाय नुसते पारावर बसून बोलत असते, तरीही कदाचित कळले नसते, कारण ठरलेली वाक्ये माणूस बराच काळ बरोबर बोलतो. पण मोजणे, धरणे, पिळणे, तोल सांभाळणे, पुढची पायरी लक्षात ठेवणे या गोष्टींत मेंदू लपवाछपवी करू शकत नाही. न्यूरॉलॉजिस्ट रुग्णाला बोट नाकाला लावायला सांगतो, सरळ रेषेत चालायला सांगतो, शंभरातून सात सात वजा करायला सांगतो. फळी बसवणे ही जवळजवळ तीच तपासणी झाली, फक्त फी न घेता केलेली.

हातात काम असले की पुरुष बोलतातही जास्त. समोरासमोर बसून 'तुला काय होतंय?' असे विचारले तर 'काही नाही, मजेत' हेच उत्तर येते. तेच दोघे शेजारी उभे राहून दरवाजा घासत असले की दोन फटक्यांच्या मध्ये 'रात्री लघवीला चार वेळा उठावं लागतं रे' असे सहज बाहेर पडते.

ऑस्ट्रेलियात या निरीक्षणावर एक चळवळच उभी राहिली. तिथे घरामागे पुरुषाची हत्यारांची एक शेड असे, जुने लाकूड, करवत, व्हाइस वगैरे ठेवायची. निवृत्तीनंतर छोट्या घरात राहायला गेले की ती शेड सुटे, आणि तिच्याबरोबर शेजाऱ्याचे येणे-जाणेही. १९९३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गूल्वा या गावी ज्येष्ठांसाठी सामायिक शेड सुरू झाली. १९९८ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या टोंगाला इथे 'मेन्स शेड' याच नावाने दुसरी उघडली. २००७ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना झाली. आज एकट्या ऑस्ट्रेलियात अशा शेडची संख्या हजाराच्या वर आहे. आयर्लंड, ब्रिटन, न्यूझीलंडमध्येही त्या आहेत. तिथे लोक मोडक्या खुर्च्या दुरुस्त करतात, शाळेसाठी खेळणी बनवतात, सायकली जोडतात. भिंतीवर आरोग्याचे फलक असतात, कधी नर्स येऊन रक्तदाब तपासते. दवाखान्याची पायरी न चढणारे पुरुष तिथे मात्र बाही वर करून उभे राहतात.

आपल्याकडच्या बायकांना यासाठी वेगळी शेड उघडावी लागली नाही. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया-पापड घालताना, गोधडी शिवताना, भिशीच्या दिवशी, कोणाच्या घरात काय दुखते-खुपते ते आपोआप कळत असे. पुरुषांचे हे सगळे ऑफिसात, डेपोत, कारखान्यात होते. निवृत्तीच्या नारळ-शालीबरोबर ते संपते. मग उरतो तो पेपर, टीव्ही आणि सुनेच्या स्वयंपाकघरात विनाकारण डोकावणे.

एकटेपणाचा शरीरावर होणारा परिणाम आता नुसत्या अंदाजाचा राहिलेला नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. ज्यांची माणसांशी घट्ट नाती होती, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांत एक जण एकटेपणाने ग्रासलेला आहे, आणि वर्षाला आठ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंशी एकटेपणाचा संबंध आहे. छंदांविषयीही २०२३ मध्ये एक मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले. १६ देशांतल्या ६५ वर्षांवरील सुमारे ९३ हजार लोकांत, छंद असणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि समाधान जास्त आढळले. अर्थात हातपाय धड असलेला माणूसच छंद जोपासू शकतो, त्यामुळे छंदाने प्रकृती चांगली राहिली की प्रकृती चांगली म्हणून छंद टिकला, हे अशा अभ्यासातून पूर्णपणे उलगडत नाही. संशोधकांनी ही बाजू हिशेबात धरण्याचा प्रयत्न केला आहे, एवढे म्हणता येईल.

आता नाण्याची दुसरी बाजू. कंडक्टर पडले तेही मित्रांसोबतच. चार जण जमले की 'सोड रे, मी बघतो' म्हणणारा एक असतोच, आणि आसपास प्रेक्षक असले की त्याचे वय वीस वर्षांनी कमी होते. दिवाळीआधीचे पंधरा दिवस आणि उन्हाळ्याची सुट्टी या काळात रुग्णालयांच्या अपघात विभागात घरकामाचे जखमी येत राहतात. मनगट मोडलेले, डोळ्यात काहीतरी गेलेले, ग्राइंडरने बोट कापलेले. त्यातल्या बऱ्याच जणांच्या सोबत दोन-तीन मित्र असतात, आणि पडला तेव्हा ते काय करत होते असे विचारले की उत्तर येते, 'आम्ही बघत होतो.'

बघण्याऐवजी एकाने धरायला हवे. कॅशियरसाहेबांनी नंतर चौघांत नियमच केला, की वर एक चढेल तर खाली एकाचे दोन्ही हात शिडीवर असतील आणि तो त्या वेळात मोबाइलला हात लावणार नाही. भिंतीला टेकवलेली शिडी दर चार फूट उंचीला साधारण एक फूट बाहेर ठेवावी. त्याहून उभी ठेवली तर मागे उलटते, फार तिरकी ठेवली तर पाय घसरतात. सगळ्यात वरच्या पायऱ्यांवर उभे राहू नये. स्टूल, खुर्ची, पाण्याची पिंपे आणि त्यावर टाकलेली फळी यांना शिडी म्हणू नये. साठीच्या पुढच्या माणसाला रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल, तर मान वर करून काम करताना किंवा वाकून एकदम उठताना डोळ्यांसमोर अंधारी येऊ शकते. अशा माणसाने खालीच थांबावे. यात कमीपणा काही नाही, खाली थांबणाऱ्याचे काम जास्त जबाबदारीचे आहे.

विजेच्या कामात तर दुसरा माणूस हवाच. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलेली असेल, तर अंगातून जमिनीकडे वीज वाहू लागताच ती क्षणार्धात पुरवठा तोडते. जुन्या घरांत ती नसते, अर्थिंगही नावापुरतेच असते. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नये, ती वायर जळू नये म्हणून असते, माणूस वाचावा म्हणून नव्हे. काम करण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा आणि दुसऱ्याने तिथेच उभे राहावे. नाहीतर घरातले कोणीतरी 'लाइट का गेली' म्हणून तो चालू करते. कोणाला शॉक बसून तो चिकटला, तर त्याला हात लावू नये, आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला वायरपासून दूर करावे. त्यानंतर तो प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागावे, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. ते मदत येईपर्यंत थांबवायचे नाही. या कामाला दोन माणसे लागतात. एकटा माणूस असेल तर त्याला चिकटलेला पाहणारेच कोणी नसते.

डोळ्याच्या बाबतीत सगळ्यात मोठी भीती चुन्याची. गावात अजून घरे चुन्याने रंगवतात, आणि छताला कुंचला फिरवताना थेंब सरळ डोळ्यात पडतो. चुना अल्कली आहे. आम्लाने डोळ्याचा वरचा थर जळतो, पण तिथली प्रथिने गोठून पुढे जायला थोडा अडसर होतो. अल्कली पेशींचे आवरणच विरघळवत आत शिरत जाते. काही मिनिटांत बुबुळ पांढरे पडू शकते आणि गेलेली नजर परत येईलच असे नाही. म्हणून डॉक्टरकडे धावण्याआधी पाणी. जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते, नळ, तांब्या, बाटली, काहीही. पापण्या उघड्या धरून किमान अर्धा तास धार सोडत राहावी. ज्याच्या डोळ्यात गेले आहे त्याला वेदनेमुळे डोळा उघडता येत नाही, म्हणून पापणी धरायला दुसराच माणूस लागतो. चुन्याचे पांढरे कण दिसले तर ओल्या स्वच्छ कापसाने टिपून घ्यावेत, चोळू नये. दूध, तूप, गुलाबपाणी यातले काही घालू नये. मग डोळ्याच्या डॉक्टरकडे जावे, आणि वाटेतही बाटलीने पाणी घालत राहावे. (तंबाखूबरोबर मिळणाऱ्या चुन्याच्या पुड्या-नळ्या मुलांच्या हाती लागूनही हेच होते.) दहा-वीस रुपयांच्या बचतीसाठी चष्मा न घेता ग्राइंडर चालवणे हाही त्यातलाच प्रकार. नंबरचा चष्मा बाजूने उघडा असतो, तो पुरत नाही.

धूळ मात्र लगेच काही करत नाही, म्हणून तिला कोणी मोजत नाही. जुन्या घरातल्या दारा-खिडक्यांच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरड्या काचकागदाने घासला की ती पूड घरभर होते, आणि जमिनीवर रांगणारे नातवंड ती बोटांना लावून तोंडात घालते. मुलांच्या वाढत्या मेंदूला शिशाची कुठलीच मात्रा निर्धोक मानली जात नाही. म्हणून पाणी मारत ओले घासावे, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी दुसरीकडे पाठवावे, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. फरशी किंवा ग्रॅनाइट कापतानाही पाण्याची धार हवी आणि तोंडाला एन-९५ मास्क हवा, रुमाल नव्हे. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. त्यांना भोके पाडणे, ते फोडणे किंवा कापणे मित्रमंडळींनी अंगावर घेऊच नये. त्याच्या तंतूंनी होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग दिसायला तीस-चाळीस वर्षे लागतात.

आणि बोट तुटलेच तर जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरावा. तुटलेला तुकडा ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवला की गोठून निकामी होतो. तो शोधायलाही शांत डोक्याचा एक मित्र लागतो. जखमी माणूस बहुधा तो टाकून देऊनच येतो.

कंडक्टर दीड महिन्याने रविवारच्या कामाला परत आले. मित्रांनी त्यांना वर चढायला कायमची बंदी केली आहे. पहिल्या रविवारी त्यांनी मोजपट्टी स्वतः मागून घेतली, खिडकीची चौकट मोजली आणि आकडा सांगितला. वायरमननी काही न बोलता पुन्हा मोजून पाहिला. बरोबर होता.

यंदाचा कंदील मास्तर चढून लावणार आहेत. शिडी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवायची, आणि ती धरायला कंडक्टर.